नाव त्याचं, गटार माझं

माझं पाकीट टेबलाच्या पायाखाली होतं.

ग्रामपंचायतीचं ते टेबल डुगडुगायचं. ग्रामसेवकांनी शिपायाला नुसती खूण केली. शिपायानं समोरच्या पाकिटांतलं सगळ्यात जाड उचललं, दोनदा दुमडलं आणि आखूड पायाखाली सारलं. ते माझं होतं. आमच्या वस्तीतल्या बंदिस्त गटाराच्या कामाचं दरपत्रक. दोन दिवस घासून केलेलं.

मी खिडकीपाशी उभा होतो. उभाच. बस म्हणालं नव्हतं कुणी.

बाकीची तीन पाकिटं फोडली. काम धनंजयला गेलं. मी म्हणालो, माझं पाकीट राहिलंय. ग्रामसेवकांनी वर न बघता विचारलं, कुठंय? सगळ्यांच्या नजरा टेबलाखाली गेल्या. कोणीतरी हसलं. धनंजयचे वडील, आबा, पंचायतीचे सदस्य, तिथंच खुर्चीत होते. शांतपणे म्हणाले, "राहू दे रं. त्याचा उपयोग झाला की."

चप्पल घातली आणि घरी आलो.

आमचं गाव मांडवगण फराट्याच्या अलीकडं. वस्ती गावाच्या खालच्या अंगाला. तिला आता कागदावर नगर म्हणतात, तोंडानं अजून वाडाच. धनंजय आणि मी एका वर्गात होतो. दौंडला डिप्लोमाही बरोबरच केला. त्याच्या ड्रॉइंगच्या शीट मी काढायचो. तो पास झाला, मीही झालो. त्याला पंचायतीची कामं मिळाली. मला त्या कामांवर मुकादमी.

मी जळायचो. दुसरा शब्द नाही. त्याच्या पांढऱ्या गाडीवर जळायचो. साइटवर येऊनही त्याच्या बुटाला चिखल लागायचा नाही, त्यावर जळायचो. ऑफिसात शिरला की माणसं सरकून जागा करायची. ती जागा मला हवी होती.

दुसऱ्या दिवशी तो वस्तीत आला. गाडीतून उतरला नाही. काच खाली केली. "नाव माझं राहील. काम तू कर. तुझ्याच वस्तीचं हाय."

मी हो म्हणालो. का म्हणालो, हे मी पुष्कळ दिवस स्वतःला फिरवून सांगत होतो. खरं इतकंच, की वस्तीनं मला नकाशा हातात धरून उभं असलेलं बघावं, असं मला वाटत होतं. कासुर्डीवरून पाइप आणले. उतार स्वतः मोजला. एक सांधा कच्चा राहू दिला नाही.

काम संपलं आणि पाटी लागली. ठेकेदार म्हणून धनंजयचं नाव. माझी आई साक्षरतेच्या वर्गात अक्षरं शिकलेली. बोट फिरवत तिनं पाटी सगळी वाचली. मग विचारलं, "ह्यात तुझं कुठंय?"

उद्घाटनाला आबांनी स्वतःच्या पोराच्या खांद्यावर शाल घातली. मी मागं मिक्सर धूत होतो. टाळ्या ऐकल्या आणि मनात आलं, हे गटार फुटावं. आत्ता, सगळ्यांसमोर. त्याची फजिती व्हावी.

माझ्या हाताचं काम. माझ्या आईच्या दारातलं. ते फुटावं असं मला वाटलं. त्या दिवशी मला माझीच भीती वाटली.

पुढं ठेकेदारीच्या नोंदणीच्या कामासाठी शिरूरला पंचायत समितीत गेलो. साहेब जेवायला गेलेले. बाकावर एक पुस्तिका पडली होती, ग्रामपंचायतीच्या करारांचे नियम. वेळ जावा म्हणून उघडली. करार लेखी पाहिजे. मुदत लिहिलेली पाहिजे. आलेलं प्रत्येक पाकीट फोडून नोंदलं पाहिजे. ठेकेदारानं काम परस्पर दुसऱ्याला द्यायचं नाही. आणि सदस्यानं पंचायतीच्या ठेक्यात आडूनसुद्धा वाटा ठेवायचा नाही, ठेवला तर सदस्यपद जातं.

मी ते पान तीनदा वाचलं. इतकी वर्षं वाटत होतं, हे सगळं आबांच्या मर्जीवर चालतं. ते तर छापलेलं होतं. सरकारनंच छापलं होतं.

झेरॉक्स मागितली. टेबलावरच्या बाईंनी विचारलं, "तुम्ही सदस्य की ठेकेदार?"

मी झेरॉक्सचे पैसे पुढं केले. ठेकेदार म्हणून माझं नाव कुठंच नव्हतं.

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात होती. शाळेच्या भिंतीचं कामही धनंजयच्या नावावर येणार, हे मला आधीच कळलं होतं. करायला मलाच सांगितलं होतं. मी उठलो.

"गटार मी बांधलं. करारावर सही धनंजयची. आबा सदस्य हायेत. हे नियमात बसत न्हाई. आन् नाव दुसऱ्याचं ठेवून काम केलं, म्हंजी मीबी दोषी हाय. प्रोसिडिंगात लिहा."

ग्रामसेवकांनी पेन खाली ठेवलं. आबा रागावले नाहीत. हसल्यासारखं करून म्हणाले, "जळतोस तू त्याच्यावर."

सगळं पटांगण माझ्याकडं बघत होतं. नाही म्हणणं सोपं होतं.

"व्हय आबा, जळतो. पण लिहा."

मग मागून आमच्या वस्तीतल्या एका बाईचा आवाज आला, "लिहा की." मग दुसरीचा. ग्रामसेवकांनी लिहिलं.

मी पुण्याला जिल्हाधिकाऱ्यांकडं तक्रार दिली. धनंजयनं एकदा शिरूरच्या स्टँडवर गाठलं. म्हणाला, तक्रार मागं घे, पुढचं काम तुझ्या नावावर करून देतो. सांगायला लाज वाटते, पण पाटीवर माझं नाव मला क्षणभर दिसलं. झकास दिसलं. मग लक्षात आलं, ते नावसुद्धा हाच देणार. मी नाही म्हणालो.

वकील म्हणतात, आबांचं सदस्यपद जाईल न जाईल, तुझी नोंदणी मात्र नक्की अडकेल. आई रोज विचारते, कशाला पडलास यात. धनंजयची गाडी दिसली की पोटात अजून आग होते. ती गेलेली नाही. जाईल असंही वाटत नाही.

सुनावणीला मी जाणार. जे केलं ते सगळं सांगणार, माझ्या वाट्याचंही. नोंदणी अडकली तर गवंड्याच्या हाताखाली घमेली उचलीन. त्याच्या नावाखाली आता एक वीट लावणार नाही.