सुमनकाकूंचा उपाशी अजगर

सुमनकाकू फोन उचलून कधी 'हॅलो' म्हणायच्या नाहीत. "बोला, काय म्हणणं आहे?" असं थेट विचारायच्या. नवखा माणूस तिथेच गडबडायचा. मीही गडबडले होते. अमेरिकेत मास्टर्सला आल्यावर कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमधल्या त्यांच्या टाउनहाउसची वरची खोली भाड्याने हवी म्हणून फोन केला, आणि आपलं म्हणणं काय आहे तेच क्षणभर आठवेना.

काका जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. काकू सत्तरीच्या उंबरठ्यावर, मूळच्या नागपूरच्या. एकुलता एक मुलगा निखिल देशाच्या दुसऱ्या टोकाला, जॉर्जियातल्या अल्फारेटाला. "आई, ते घर विक आणि इकडे ये," हा त्याचा दर रविवारचा आग्रह. काकू त्याला तिथलं हवामान विचारून फोन ठेवायच्या.

त्या उन्हाळ्यात शेजारचा तरुण घर सोडून टेक्सासला निघाला. ड्राइव्हवेवर मांडलेल्या सामानात एक काचेची पेटी होती आणि तिच्यात वेटोळं घालून बसलेला एक छोटा अजगर. बॉल पायथन. याला प्राण्यांच्या शेल्टरमध्ये सोडणार, असं तो म्हणाला. काकू वाकून बराच वेळ बघत राहिल्या. मग सरळ होत म्हणाल्या, "राहू दे माझ्याकडे."

"काकू, साप?" मी किंचाळलेच.

"काहून? मांजर आणली असती तर ओरडली असतीस का?"

नाव काय ठेवायचं, असं मी नंतर विचारलं. "हाक मारल्यावर येणार आहे का तो?" म्हणाल्या. संपला विषय.

काकू जन्माच्या शाकाहारी. तरी गराजमध्ये छोटा फ्रीझर आला आणि त्यात गोठवलेले उंदीर आले. ही बातमी दर गुरुवारी काकूंकडे जमणाऱ्या भजनीमंडळात पोचायला वेळ लागला नाही. देशपांडेकाकू दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "अहो, घरात उंदीर ठेवलेत, आता आम्ही प्रसाद कसा घ्यायचा?"

"प्रसाद किचनमध्ये आहे, उंदीर गराजमध्ये. तुम्हाला कोणता हवा ते सांगा, मी आणून देते."

पुढच्या गुरुवारपासून भजन देशपांड्यांकडे व्हायला लागलं. काकूंनी बाजाची पेटी आपल्या घरी ठेवली आणि एकट्याच भजन म्हणू लागल्या, पूर्वीपेक्षा मोठ्या आवाजात.

पण अजगर खाईना. उंदीर कोमट पाण्यात ठेवून गरम करायचा, लांब चिमट्याने त्याच्यासमोर धरायचा. तो तोंड फिरवायचा. आठवड्याने पुन्हा तेच. पेट शॉपवाला म्हणाला, जिवंत उंदीर सोडा. काकूंनी ते साफ उडवून लावलं. कोंडलेला उंदीर सापालाच चावून जखमी करतो, हे त्यांनी वाचलं होतं. कोणी म्हणालं, रोज हातात घ्या, माणसाळेल. कोणी म्हणालं, तोंड उघडून कोंबा. शेवटी आम्ही त्याला प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी वजन केलं, तोंड तपासलं आणि सांगितलं, आजारी नाही, नव्या जागेला बिचकलाय. ऊब नीट ठेवा, लपायला जागा द्या आणि एकटं राहू द्या. वजन फारच उतरलं तर परत आणा.

काकूंनी जुनी सुती साडी फाडून काचेच्या तीन बाजू झाकल्या. आत दोन अरुंद खोके ठेवले, एक उबेच्या बाजूला, एक गार बाजूला. अजगर ठेवला होता त्या खोलीत माझं इस्त्रीचं टेबल होतं, तेही बाहेर आलं. "आता तिकडे कोणी जायचं नाही. मीसुद्धा नाही."

नेमका तेव्हाच, आठवडा भरत आला असताना, निखिल आला. सापाचं ऐकून त्याची खात्रीच पटली होती की आईला आता एकटं ठेवण्यात अर्थ नाही. "आई, धिस इज नॉट नॉर्मल," तो म्हणाला. "तो उपाशी मरतोय आणि तू बघत बसलीयेस. मी आत्ता त्याला शेल्टरला नेतो. आणि पुढच्या महिन्यात तू माझ्याकडे येतेयस."

तो उठला. काकू त्याच्याआधी जाऊन खोलीच्या दारात उभ्या राहिल्या. त्याच्या छातीएवढ्या उंचीच्या, दोन्ही हात चौकटीला लावून.

"तुझे बाबा गेले तेव्हा दार वाजलं की डबा यायचा," त्या म्हणाल्या. "सगळे समोर बसून 'खा, खा' करायचे. तूसुद्धा. माझ्या घशाखाली पहिला घास कधी उतरला माहीत आहे? तुम्ही सगळे आपापल्या घरी गेलात तेव्हा. एकटीने वरणभात केला आणि ताटभर जेवले. याला एकटं सोड, निखिल. आणि मलाही."

निखिल दारापासून मागे फिरला. पण बॅग घेऊन निघून गेला नाही. सोफ्यावर बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकूंनी उंदीर गरम केला. दिवा न लावता आत गेल्या. आम्ही दोघं पॅसेजमध्ये श्वास रोखून. आतून 'थप्प' असा आवाज आला. काकू चिमटा घेऊन बाहेर आल्या, तो रिकामा होता. निखिलने दाराच्या फटीतून पाहिलं. अजगराने उंदराला घट्ट विळखा घातला होता.

"ओह, वॉव," तो पुटपुटला.

"हळू बोल. जेवतोय तो."

घर विकायचा विषय निखिलने त्यानंतर काढला नाही. काकू त्याच घरात राहिल्या आणि गेल्या हिवाळ्यात त्याच घरात, झोपेत गेल्या. मी तोवर जर्सी सिटीला नोकरीला लागले होते.

महिन्याभराने निखिलचा फोन आला. अजगर विमानाने नेता येईना, म्हणून तो गाडी भाड्याने घेऊन त्याला अख्खा देश ओलांडून अल्फारेटाला घेऊन गेला होता.

"आल्यापासून काही खात नाहीये," तो म्हणाला. "बायको म्हणते, देऊन टाक. ऑफिसमधले म्हणतात, जिवंत उंदीर सोड. सासूबाई म्हणतात, सर्पशांत करून घ्या."

"मग तू काय केलंस?"

"त्या खोलीला कुलूप लावलंय," निखिल म्हणाला. "किल्ली माझ्या खिशात आहे. ज्याला बोलायचंय त्याने माझ्याशी बोलावं."