निळ्या पावडरीची खोली

प्रयोगशाळेत तिला सगळे मावशी म्हणत. नात्यानं ती कुणाचीच मावशी नव्हती, पण एकवीस वर्षं एकाच टेबलाशी उभं राहिलं की माणसं आपोआप भाचे होतात. तिचं काम ऐकून लोक तोंड वाकडं करत. नालखेकडे, म्हणजे घोड्याच्या नालेसारख्या टणक कवचाचे, लांब शेपटीचे समुद्री जीव. त्यांना चौकटीत बसवायचं, पाठीच्या सांध्यात सुई घालायची, थोडं रक्त काढायचं आणि परत हौदात सोडायचं. रक्त येताना दुधट, हवा लागली की निळं. आपल्या रक्तात लोखंड, तसं त्यांच्या रक्तात तांबं. ते तांबं ज्या प्रथिनात असतं त्याचं नाव हिमोसायनिन, आणि ते प्राणवायू कसं वाहून नेतं यावर तिथली शिकलेली मंडळी वर्षानुवर्षं डोकेफोड करत होती. मावशी त्याला नुसतं 'निळं' म्हणायची.

हात मात्र असा की सुई दुसऱ्यांदा घालावी लागत नसे. नव्या पोरी तीन-तीनदा टोचत, खाली जीव पाय झाडत राही, की मावशीचा पारा चढलाच. ती त्यांना बाजूला सारायची, एका दमात सुई घालायची आणि वर दिवसभर त्यांची टर उडवायची. आपल्यावाचून इथलं पान हलत नाही, असं तिला वाटायचं आणि ते फारसं खोटंही नव्हतं.

मग मनगटाला खाज सुटली. तिनं साबण बदलून पाहिला. नंतर शिंका सुरू झाल्या आणि एका दुपारी छातीत घरघर. ती काही खुळी नव्हती, तिला लगेच उमगलं. काही जणांच्या अंगाशी या निळ्याचं वाकडं येतं, अगदी श्वास कोंडेपर्यंत. म्हणून तर दर सहा महिन्यांनी सगळ्यांच्या हातावर त्याचा थेंब ठेवून टोचत आणि पंधरा मिनिटं वाट बघत. गांध उठली की टेबल सुटलं, रवानगी फायलींच्या खोलीत.

फायली! असल्या हातांनी उरलेला जन्म कागदांना भोकं पाडायची? नुसत्या विचारानं तिला रडू कोसळायचं. ती गुपचूप ॲलर्जीच्या गोळ्या घेऊ लागली. नवरा थट्टेखोर. रोजची सर्दी बघून म्हणाला, तू माणूस आहेस की गळका नळ. पण गोळ्यांचं पाकीट हाती लागलं तेव्हा त्याचं हसू मावळलं. तिथं सांगून टाक, म्हणून तो मागेच लागला. सांगते की, म्हणत तिनं महिना ढकलला.

चाचणीच्या दिवशी नर्सनं नेहमीचा प्रश्न विचारला, गेल्या आठवड्यात ॲलर्जीची गोळी घेतली का. कारण ती पोटात असली की गांध उठतच नाही. मावशी नाही म्हणाली आणि सहीसुद्धा केली. पंधरा मिनिटांनी तिचा हात कोरा करकरीत. टेबलावरच्या दुसऱ्या दोघींना मात्र टपोऱ्या गांधी उठल्या. त्यांचं वाईट वाटलं तिला, खरंच वाटलं, पण आतून सुटल्यासारखंही झालं.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉक्टरीणबाईंनी तिला बोलावलं. निळं गोठवून, सुकवून त्याची पावडर करतात ती खोली आता मावशीनं सांभाळायची. पावडर उडते, नाकातोंडात जाते, तिथं दुसऱ्या कुणाला पाठवायची त्यांची छाती होत नव्हती.

"तुमचा एकटीचाच हात कोरा आहे, मावशी. तुम्ही आहात म्हणून मी निर्धास्त."

सांगायची वेळ हीच होती. मावशीनं तोंड उघडलंही. पण एकवीस वर्षांत असं कुणी म्हणालं नव्हतं, आणि तिच्या तोंडून निघालं ते "चालेल."

सोमवारी तिनं एकाच्या जागी दोन गोळ्या घेतल्या. पावडरीच्या खोलीत भिंतीवर एक रिकामी खुंटी होती. श्वास कोंडला तर टोचायच्या इंजेक्शनची पेटी तिथं टांगलेली असायची. डॉक्टरीणबाईंनी ती गांधी उठलेल्या त्या दोघींसाठी बोळाच्या पलीकडच्या टोकाला, फायलींच्या खोलीत हलवली होती. इथं आता पेटीची गरज कुणाला होती! मावशी खुंटीकडे बघत राहिली. तरी तिनं दार लावून घेतलं.

मास्कमुळे चष्म्यावर वाफ धरत होती. वजनकाट्यावरचा आकडा दिसेना, म्हणून तिनं मास्क जरासा खाली ओढला, आकडा वाचण्यापुरताच. पावडरीच्या बाटलीचं झाकण उघडंच होतं.

आधी ओठ जड झाले. मग घसा आवळत आला. तिनं काचेवर थापा मारल्या. बाहेरच्या मुलीला वाटलं, मावशी थट्टा करतायत, आणि तिनं हसून हात हलवला. मावशी गुडघ्यांवर बसली तेव्हा कुठे ती किंचाळली.

डॉक्टरीणबाई धावत आल्या. छातीत कळ येतेय का, चक्कर आली का, सकाळी काय खाल्लं, त्या विचारत राहिल्या. ॲलर्जीचं नाव त्यांच्या तोंडी आलंच नाही. ते कसं येणार? कोऱ्या हाताचा कागद त्यांनीच फायलीला लावला होता.

मावशीजवळ एका वाक्यापुरता श्वास होता. तिनं त्यांचा हात घट्ट धरला.

"चाचणीला... गोळी घेऊन आले होते."

डॉक्टरीणबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. हात सोडवून त्या फायलींच्या खोलीकडे पळत सुटल्या. मावशी जमिनीवर आडवी होऊन त्यांच्या चपलांचा आवाज लांब लांब जाताना ऐकत राहिली. बोळ फार लांब होता, आणि त्यांना तेवढंच परतही यायचं होतं.