पाण्याच्या तोंडाशी बसलेला बुडबुडा

मी बनवलेली चिप अंगठ्याच्या नखाएवढी होती. काचेवर पारदर्शक रबराचा थर आणि त्यात केसासारख्या बारीक वाटा. एका तोंडातून तपासायचं पाणी सोडायचं, दुसऱ्यातून लाल रंग. इतक्या अरुंद जागेत दोन धारा शेजारीशेजारी चालतात, सहजी मिसळत नाहीत. त्या मिसळाव्यात म्हणून पुढची वाट मी नागमोडी ठेवली होती. दातांवर डाग पाडणारं फ्लोराइड पाण्यात जास्त असलं की शेवटी रंग पिवळा पडायचा, नसलं तर लालच राहायचा. विद्यापीठातल्या प्रयोगशाळेत चिप कधी चुकली नव्हती. करमाडच्या पलीकडच्या एका गावात ती घेऊन गेले, तेव्हा मनात शंका म्हणून नव्हती.

तिथल्या आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टरनं टेबल मोकळं करून दिलं. शाळेजवळच्या हातपंपाचं पाणी मी सकाळीच भरून बर्फाच्या पेटीत ठेवलं होतं. भर दुपारी, पाच-सहा बायकांसमोर ते चिपमध्ये सोडलं. रंग लालच राहिला.

"पाणी चांगलं आहे," मी सांगून टाकलं.

"मंग आमच्या पोरांच्या दातावर हे डाग कशाचे, ताई?" एका मावशीनं विचारलं.

"नीट घासत नसतील," मी म्हणाले.

हे वाक्य मला आजही टोचतं. दुसऱ्या दिवशी वहीत नोंद करताना फोनवरचा चिपचा फोटो मोठा करून पाहिला. पाण्याच्या तोंडाशीच हवेचा बुडबुडा अडकून बसला होता. पाणी आत गेलंच नव्हतं. आम्ही सगळ्यांनी पाहिला तो नुसता रंग.

माझे मार्गदर्शक सर म्हणाले, "आधी दोष शोध, मग गावात जा."

पण तोवर लोक ते पाणी पीत राहणार. मी सरांच्या खोलीतूनच सिस्टरला फोन लावला. "माझी तपासणी चुकली. ते पाणी तूर्त पिऊ नका म्हणावं. बुडबुडा आला कुठून, तेच कळंना. इथं कधी आला नाही."

ती म्हणाली, "पाणी पेटीतलं गार होतं ना? गार सलाईन तशीच लावली की नळीत बुडबुडे धरतात. आम्ही बाटली आधी बाहेर काढून ठेवतो."

मी तेवढंच करून पाहिलं. गार पाणी गरम टेबलावर आलं की थोड्याच वेळात बुडबुडा; आधी बाहेर काढून ठेवलेलं पाणी सुरळीत. गार पाण्यात विरघळलेली हवा ऊब लागली की बाहेर पडते. प्रयोगशाळेत मी कायम खोलीतलंच पाणी वापरत होते.

तिसऱ्या दिवशी त्याच बायकांसमोर उभी राहिले. "परवा मी चुकीचं सांगितलं. दातांबद्दलही."

हातपंपाचं पाणी पिवळं पडलं. मारुतीच्या देवळामागच्या विहिरीचं लाल राहिलं. प्रत्येक वेळी पाणी आत शिरताना मी भिंगातून एकेकीला दाखवलं. दोन्ही नमुने सरकारी प्रयोगशाळेतही दिले. तिथलं उत्तरही पुढं तेच आलं.

"म्हंजी आता विहिरीवरून आणायचं. लई लांब पडतंय," मावशी म्हणाली. मग माझ्याकडं बघत, "पण चुकलं ते तोंडावर सांगितलंस, म्हून आणू."

ग्रामपंचायतीनं नंतर विहिरीवरून शाळेपर्यंत नळ टाकला. माझ्या प्रबंधात बुडबुड्यावर एक अख्खं प्रकरण आहे आणि ते मी कुणाहीपुढं न अडखळता मांडते. आभाराच्या पानावर पहिली ओळ सिस्टरची आहे. तिला दाखवली तेव्हा ती हसली, "सलाईनचं कुणी लिहितं व्हय?"