एकाच झाकणातलं पाणी

मी पाचवीला शिकवायचे तेव्हा नेरेइदा माझ्या वर्गात होती. आता पंचेचाळिशीची आहे. वीस वर्षं अंगात एचआयव्ही घेऊन जगते, त्याची गोळी एक दिवस चुकवत नाही. नशेची सुई मात्र पुरती सुटलेली नाही.

गेल्या वर्षी तीन महिन्यांच्या औषधांनी तिचा हेपॅटायटिस सी बरा झाला होता. या मार्चमध्ये तो पुन्हा निघाला. थोरली बहीण मिर्ता हिच्याकडे ती राहते. दुसऱ्याची सुई घेतलीस तर घराबाहेर, असं मिर्ताने आधीच बजावलं होतं. आता तिने नेरेइदाचे कपडे पिशवीत भरले.

"ताई, आईची शप्पथ, सुई माझी मलाच असते!"

"आईला तरी सोड! मग आजार काय पोस्टाने आला?"

मध्यस्थ म्हणून दोघींनी मला दवाखान्यात नेलं. परिचारक लिसांद्रोने अहवाल वाचला. आधीचा विषाणू एका जातीचा, हा दुसऱ्याच. म्हणजे जुना उलटला नव्हता, कुणाकडून तरी नवा आला होता.

"ऐकलंत ना, बाई?" मिर्ता म्हणाली.

"नेरेइदा, तुम्ही सगळे मिळून कसं करता ते दाखव," लिसांद्रो म्हणाला.

तिने बाटलीचं झाकण टेबलावर ठेवलं. "चौघं असतो. नव्या सुया मीच वाटते. पहिला येईल तो यात सगळ्यांची पूड पाण्यात विरघळवतो. एकट्यापुरतं केलं तर आपल्या या पोंसे शहरात हावरट म्हणतात."

"आणि पुन्हा घ्यायचं झालं की?"

"तीच सुई यात बुडवायची. आपापली." ती थांबली. "पाणी मात्र सगळ्यांचं."

"आणि ज्यातून ते गाळून घेता तो कापूससुद्धा," लिसांद्रो म्हणाला. " डोळ्यांना न दिसणारं रक्त त्यात उतरतं. हा विषाणू तिथे दिवसचे दिवस टिकतो. एचआयव्ही असलेल्यांचं यकृत तर तो लवकर पोखरतो."

मी त्या झाकणाकडे पाहत राहिले. एवढंसं ते, आणि चौघांची यकृतं त्यात. तरी नेरेइदा खोटं बोलली नव्हती.

"माझं औषधपाणी पुन्हा होईल?"

"होईल."

"मग आधी त्या तिघांना सांगते. झाकणं द्या, प्रत्येकाला वेगळं. कापूसही द्या."

वीस वर्षांच्या आजारानंतरही हिला पहिली आठवण त्या तिघांची!

मिर्ता उठली. मग म्हणाली, "जेवायला सातला ये. उशीर केलास तर भात गार खा."