फिरत्या फळीचं गाव

आबे-सान आमच्या शेजारी राहायला आल्या त्या जपानच्या मोठ्या भूकंपानंतर दोन वर्षांनी. समुद्राकाठचं त्यांचं गाव त्सुनामीत गेलं. अडतीस घरं, त्यातली तीस आबे आडनावाची. म्हणून तिथे घरं नावांनी ओळखली जायची. विहिरीचं घर, जाळ्याचं घर, वरच्या पायरीचं घर.

ओळख झाली ती माझ्या चुकीतून. सेंदाईत आमच्या गल्लीत नोटिसांची फळी घरोघर फिरते. वाचायची, शिक्का मारायचा, पुढच्या घरी द्यायची. मी ती पाच दिवस स्वयंपाकघरात टांगून ठेवली. आबे-सान दारात आल्या, रागावल्या नाहीत, शिक्का कुठे मारायचा ते दाखवलं आणि चहाला बसल्या. माझा मुलगा जयेश दिवसभर प्रयोगशाळेत. त्या नसत्या तर पुण्यात शिकलेलं माझं जपानी गंजलं असतं, आणि मीही.

आबे-सान पूर्वी शाळेत कारकून होत्या. आता गावाचा इतिहास लिहीत होत्या, कारण देवळातली नोंदवही वाहून गेली होती. देवळाच्या जागी घरांची नावं कोरलेला दगड बसणार होता. पाथरवटाला शुक्रवारी यादी हवी, आणि यादीत सदतीसच घरं. गावातल्या म्हाताऱ्यांनी जमिनीच्या हद्दी आठवून नकाशा काढला होता आणि त्यावरून भांडत बसले होते.

मला राहवलं नाही. "पुरुषांना काय विचारता? ते समुद्रावर असायचे. तुमच्याकडे फळी फिरायची ना? कुणी कुणाला दिली तेवढं म्हणा."

त्यांनी डोळे मिटले आणि एकेक घर म्हणत गेल्या. जाळ्याच्या घरापाशी थांबल्या.

"तिथून वर पायऱ्या होत्या. फळी वर हारु न्यायची."

हारु जाळ्यांच्या शेडमागे भाड्याच्या खोलीत एकटी राहायची, कालवं सोलायची. त्या लाटेत गेली. जमीन नाही म्हणून नकाशात नाही, आणि तिच्या घराला कधी कुणी नावच ठेवलं नव्हतं. नाव नाही तर कोरायचं काय, असं म्हाताऱ्यांनी फोनवर विचारलं.

"मग आता ठेवू," आबे-सान म्हणाल्या, आणि 'फळी वर नेणारं घर' असं यादीत लिहून मोकळ्या झाल्या.

दगड बसला तेव्हा आबे-साननी मला सोबत नेलं. पुस्तकही झालं. आभारांच्या पानावर मी माझं नाव शोधलं, सापडेना. शेवटच्या ओळीत होतं: 'फळी अडवून ठेवणारं घर, सेंदाई.'

जयेशला तो अपमान वाटला. मी ते पान देवघरात ठेवलंय.