साबणावरची चावी

साल २०१५. मी तेव्हा एकसष्ट वर्षांचा. त्या साली मी एक चावी बनवली आणि तिच्याबद्दल नऊ वर्षं कुणापुढे तोंड उघडलं नाही. बायकोपुढे नाही, देवापुढेसुद्धा नाही. आता तुम्हाला सांगतो.

मरोळ नाक्यावर माझी पत्र्याची पेटी आहे, चाव्या बनवायची. शाळा तिसरीपर्यंत. पण कुलूप म्हणाल तर — अख्ख्या अंधेरीत माझ्यासारखा हात नाही. हे मी आजही म्हणतो. हीच खोड नडली. पण थांबा, आधी पोरींचं सांगतो.

आमच्या मागच्या बिल्डिंगमध्ये अनघा राहायची. कॉलेजात शिकत होती. एका दुपारी घरात एकटी असताना तिचा खून झाला. मागे लागलेला एक ओळखीचा पोरगा — पकडला गेला, जन्मठेपही झाली. पण कोर्टात तो बोलला, "तिनेच दार उघडलं." लॅच शाबूत होतं, कुठे ओरखडा नाही. मग काय, सगळ्यांना पटलं. नाक्यावर बायका म्हणायच्या, उघडलं कशाला गं हिने दार?

तिची आई सुमनताई. बाई रडत बसली नाही. वर्षभरात लेकीच्या नावाने मंडळाच्या हॉलमध्ये रविवारचा वर्ग काढला. कसं ओरडायचं, धरलेला हात कसा सोडवायचा, फोन कुणाला करायचा — सगळं शिकवतात. फळ्यावर पहिली ओळ: ओळखीचा असला तरी दार उघडू नका. नव्या पोरींना दर वेळी त्या सांगायच्या, "माझ्या अनघाने उघडलं. तुम्ही नका उघडू."

एक दिवस माझ्या पेटीपाशी आल्या. "काका, पोरींना कुलपाचं शिकवाल?" मी हो म्हटलं. का म्हटलं? — येतो, तिथेच येतो.

शिकवलं मात्र झकास. भाड्याची खोली घेतली की पहिल्या दिवशी कुलूप बदलायचं, तेही आपल्या हाताने. "काका, नखं तुटतात ना!" "तुटू दे, परत येतील. स्क्रू फिरव." सहा वर्षांत पाचशेच्या वर पोरींनी माझ्यासमोर लॅच खोललं आणि परत बसवलं. ही पोरं कॉलेजच्या डिग्रीवाली, आणि मास्तर मी!

मागच्या वर्षी एका रविवारी दिंडोशीची रेश्मा धावतच हॉलमध्ये शिरली. तिच्या मागे लागलेल्या एकाने तिच्या खोलीची चावी कुठून तरी मिळवली होती. भर दुपारी बाहेर उभा राहून फिरवतोय, फिरवतोय — आणि ही आत, फोन लावून, शेजाऱ्यांना हाका मारत. शेजाऱ्यांनी त्याला जागीच धरला. "काका, फिरलीच नाही! मी आठवड्यापूर्वीच बदललं होतं!" पोरींनी हॉल डोक्यावर घेतला. मला खांद्यावर घ्यायला निघाल्या. सुमनताईंनी रेश्माला घट्ट धरलं आणि म्हणाल्या, "माझ्या पोरीला एवढी अक्कल असती तर..."

मी तिथून उठून हॉलबाहेर निघून आलो.

कारण अनघाला मारणारा तो पोरगा खुनाआधी माझ्याकडे आला होता. साबणाच्या वडीवर चावीचा ठसा घेऊन. माझ्या उस्तादाने बजावलेलं होतं — कुलूप समोर नसेल तर चावी करायची नाही. मी नाही म्हटलं. तो हसला. "राहू द्या काका. साबणावरून करायला हात लागतो. तुमचा आता थरथरत असेल."

माझा हात? कानस उचलली. दहा मिनिटांत चावी त्याच्या तळहातावर ठेवली. वर म्हटलं, "जा, पहिल्या फेऱ्यात उघडेल."

उघडलंच. चौथ्या दिवशी पेपरात त्याचा फोटो.

पोलिसांकडे का नाही गेलो? तो तर पकडला गेलाय, आता माझं काय काम — असं मनाला सांगत राहिलो. खरं सांगू? माझ्या पेटीकडे कुणी बोट दाखवलेलं मला चाललं नसतं. मेलेल्या पोरीकडे दाखवलेलं चाललं. नऊ वर्षं चाललं.

रेश्मा धावत आली त्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पेटी उघडली नाही. सुमनताईंच्या दारात उभा राहिलो, आत गेलो नाही. म्हटलं, "अनघाने दार उघडलं नव्हतं. लावलेलंच होतं. चावी मी केली होती."

त्या मला बाजूला सारून गॅलरीत गेल्या आणि खालपासून वरपर्यंत ऐकू जाईल अशा ओरडल्या, "माझ्या पोरीने दार उघडलं नव्हतं! ऐकलंत का सगळ्यांनी? लावलं होतं तिने दार! लावलं होतं!" दारं उघडली, माणसं बाहेर आली. ज्याने विचारलं त्याला मी सांगितलं. जे बोलले ते ऐकून घेतलं. सुमनताई प्रत्येक मजल्यावर जाऊन सांगत होत्या, मान ताठ करून.

तिथून पोलीस ठाण्यात गेलो. हवालदाराने जबाब लिहून घेतला आणि अंगठ्यासाठी शाईचा पॅड पुढे सरकवला. म्हटलं, पेन द्या. आणि खाली माझं पूर्ण नाव लिहिलं.