आरशासमोरची ड्युटी

उत्तरेकडच्या एका बर्फाळ पोस्टवर मी सेक्शन कमांडर होतो. रँक हवालदार, गाव सणसर. एका सकाळी सहा वाजता चहा ओठांच्या उजव्या कोपऱ्यातून जॅकेटवर सांडला. समोर निमगाव केतकीचा नाईक मेहबूब शेख बसला होता.

"दादा, तुमचं तोंड वाकडं झालंय."

रेडिओवर डॉक्टरांनी विचारलं, "हात-पाय चालतात? ओव्हर."

"चालतात. उजवा डोळा मिटत नाही. कपाळ हलत नाही. ओव्हर."

"चेहऱ्याची नस आहे. गोळ्या सुरू करा, डोळा झाका. हवामान सुधारलं की हेलिकॉप्टर येईल. आउट."

हवामान चार दिवस सुधारलं नाही. बाहेर बर्फ होता, आत न हलणारा चेहरा. पाचव्या दिवशी मला खाली आणलं. माझ्या वाटणीच्या गस्तीवर मेहबूब जाऊ लागला.

हॉस्पिटलनंतर सिक लीव्ह मिळाली. बारामतीत फिजिओथेरपी सुरू झाली. तिथल्या मॅडमनी आरशासमोर बसवलं. बोटानं गाल हलकेच उचलायचा, भुवई वर घ्यायची, ओठ मिटून 'प', 'ब' म्हणायचं. प्रत्येक व्यायाम पाच वेळा, दिवसातून तीनदा. मला लवकर पोस्टवर परतायचं होतं. मी घरी दोनशे वेळा करायचो, सगळा जोर लावून. तिसऱ्या महिन्यात तोंड हलवलं की उजवा डोळा आपोआप मिटायला लागला.

"ही पीटी परेड नाही," मॅडम म्हणाल्या. "नस चुकीच्या स्नायूला ओढायला लागलीय. आता सावकाश. डोळा उघडा ठेवून थोडंसंच हसा."

त्याच आरशासमोर युनिटचा फोन आला. हिमकडा कोसळला होता. मेहबूब गेला.

मी ओरडलो. आरशात डावी बाजू ओरडली. उजवा डोळा तेवढा मिटला.

जनाज्यात मी मास्क लावून मागं उभा राहिलो. माझं तोंड एका बाजूनं हसल्यासारखं दिसायचं. त्याच्या आईसमोर जायला चाळीस दिवस लागले.

"चाची, त्या दिवशी पाळी माझी होती."

"ठावं हाय. फोनवर म्हणला व्हता, दादांचं तोंड बरं हुईस्तवर मीच जातो." तिनं माझ्या उजव्या गालावर हात ठेवला. "झालं का बरं?"

"अजून न्हाय."

"मंग कर की बरं."

तिनं चहा टाकला.

नाईक मेहबूब शेख, वय एकोणतीस. त्या गस्तीत त्याच्यासह तिघं होते. हिमकडा कोसळायच्या आत दोघांना त्यानं आधी पलीकडं काढलं. ते दोघंही घरी परतले.